खिडकीपाशी सुलू

३ नोव्हें.
फिजिओवाली नेहा चपला घालता घालता म्हणाली, "काका, काकूंच्या उजव्या हाताचं आता फार मनावर घेऊ नका. महिनाअखेरपर्यंत येते, मग बघू."
पंख्याची मोटर जळालेली असली की गिऱ्हाइकाला मीही 'मग बघू'च म्हणायचो.
सुलू ऐकत होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलणं गेलंय, ऐकू सगळं येतं.

५ नोव्हें.
सकाळी ट्रायपॉड लावला. सुलूचा पलंग खिडकीला लागून. उजेड तिच्या चेहऱ्याचा धरला की मुलुंडचा डोंगर पांढराफटक, डोंगर धरला की बायको काळी. म्हणून लागोपाठ तीन फोटो, एक काळपट, एक मधला, एक उजळ. कॉम्प्युटर तिन्ही जुळवतो. एचडीआर. दुरुस्तीचं दुकान भाच्याकडे दिल्यापासूनचा नाद.
अट एकच, तिन्हीत कोणी हलायचं नाही. हललं की दुहेरी उमटतं. आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर त्याला भूत म्हणतात.
पूर्वी हिने एक फोटो धड येऊ दिला नाही. "सुलू, हलू नकोस गं!" "दूध उतू जातंय, तुमचा तो डोंगर काढा!"
आता फोटो झकास येतात.
मंगल, हिला सांभाळायला येते ती, मालवणची. "काका, रोज तोच फोटो कित्याक काढतास?"
टाइमपास, म्हटलं.

९ नोव्हें.
दुसऱ्या नि तिसऱ्या क्लिकच्या मधे बांगडी वाजली. उजव्या हातातली!
घाटकोपरला फुटपाथवर पंखे दुरुस्त करायचो तेव्हापासून या कानांवर पोट भरलंय. बेअरिंग गेलं की पंखा न उघडता सांगतो.
लगेच तिन्ही जुळवले. हात जागच्या जागी. स्वच्छ.
मूळचे तीन नेहमीसारखे उडवले, जागा खातात.
मंगलला विचारलं. "माका नाय आयकाक इला."
कान म्हातारे झाले, दुसरं काय.

१४ नोव्हें.
वाट लागली.
आज पंख्याने पडदा चांगला फडफडत होता. जुळवलेल्या फोटोत मात्र पडदा इस्त्री केल्यासारखा. कसा? शोधलं. सेटिंगमध्ये 'भूत काढा' चालूच. हे नवं सॉफ्टवेअर टाकलं त्या दिवसापासून. जे हलेल ते गुपचूप पुसायचं.
आणि मूळचे फोटो मी रोज शिस्तीत उडवत आलो. ९ तारखेचेसुद्धा. कचरापेटीही रिकामी.
किती वेळा हलली असेल ती...
नेहाला फोन केला. "काका, पंख्याच्या वाऱ्यानेही वाजली असेल ना." काचेची बांगडी, वाऱ्याने! मग म्हणाली, "व्हिडिओ काढा ना."

१५ नोव्हें.
मोबाइल समोर लावून ठेवला. दुपारभर. काही नाही.
व्हिडिओ काढताना मोबाइल क्लिक करत नाही. हिची खोड जुनी, मी क्लिक केलं की मगच हलायचं. असं आपलं मला वाटतं. नेहाला नाही सांगितलं, हसेल. किंवा हसणार नाही, ते जास्त वाईट.

१६ नोव्हें.
पंखा बंद. खिडकी बंद. पडदा सुतळीने बांधला. 'भूत काढा' बंद. मंगलला स्वयंपाकघरात पाठवलं.
"सुलू," म्हटलं, "आज हल गं."
बघत राहिली माझ्याकडे.
तीन क्लिक. छातीच एवढी धडधडत होती की बांगडी वाजली की नाही, कळलं नाही.
फोटो अजून कॅमेऱ्यातच आहेत. मंगल दोनदा म्हणाली, "काका, च्या थंड झाली."
पिऊन, मग बघतो.