जातो म्हणू नये

१४ जून २००५
रक्तदात्यांच्या यादीची वेबसाइट एकदाची चालू झाली. गारगोटी केंद्रावर नावं भरायला दत्ताकाका. निवृत्त तलाठी, स्वतःही जुने रक्तदाते. आत शिरायला 'आलो' आणि बाहेर पडायला 'जातो', अशी बटणं हौसेनं मराठीत केली. काका फोनवर तडकले. "सुजाता, 'जातो' कशाला लिवलंयस? माणसानं 'येतो' म्हणावं. मी न्हाय दाबणार जा." बदलते म्हटलं.

२ जुलै
खरंच दाबत नाहीत. पान उघडं टाकून घरी. सकाळी पुन्हा आत शिरावं लागतं म्हणून वर कुरकुर. शेवटी त्यांच्या सेशनची मुदतच काढून टाकली. सेशन म्हणजे आत आलेल्या प्रत्येकासाठी सर्व्हर ठेवतो ती पिशवी. सारखं डेटाबेसकडे पळायला नको म्हणून काकांच्या नोंदीची प्रत त्यांच्या पिशवीतच ठेवली. उघडं पान दर पंधरा मिनिटांनी ती आपोआप जतन करतं. स्वतःवर खूश. बटण बदलायचं राहिलं.

१९ ऑगस्ट
काका गेले. जेवून उठता उठता. केंद्रावरच्या शोभाताईंनी कळवलं. त्यांच्या नोंदीत 'हयात' खोडून 'मयत' मीच केलं. नको वाटलं, पण दुसरं कोण करणार.

२३ ऑगस्ट
काकूंचा फोन. दवाखान्यांतून अजून विचारतात, काका रक्त द्यायला येतील का. यादी बघितली. 'हयात'. पुन्हा 'मयत' केलं. चहा पिऊन आले तर 'हयात'.
मग ट्यूब पेटली. पिशवीतली प्रत जुनी, तीच डेटाबेसवर जाऊन बसते. माझीच अक्कल. शोभाताईंना म्हटलं, काकांचा संगणक बंद करा.
"त्यो त्याच दिवशी बंद केलाय की. वायर बी काढलीया. वर टॉवेल घातलाय."
मग पान कुठं उघडं आहे?

२४ ऑगस्ट
सर्व्हर बंद करून चालू केला. बंद होताना तो पिशव्या डिस्कवर ठेवतो, उठला की परत घेतो. काकांचीही घेतली. शेवटची हालचाल, दोन मिनिटांपूर्वी. भर दुपारी ऑफिसात घाबरले. कुणाला सांगायचं हे.

२५ ऑगस्ट
काकू रडल्या. "दर फोनला म्या 'न्हाईत' म्हणायचं. किती येळा म्हणू?" उद्या ते सेशन खोडायचंच.

२६ ऑगस्ट
खोडण्याआधी राहिलेलं काम केलं. सगळ्या पानांवर 'जातो'चं 'येतो'. ११.३८ ला चढवलं. मग खोडायला गेले तर पिशवीच नाही. सर्व्हरच्या नोंदीत एक ओळ. काकांचं सेशन, ११.४०, बाहेर पडण्याचं बटण दाबलं.
मी हात लावला नव्हता. शोभाताईंना विचारलं. टॉवेल तसाच आहे.
'मयत' केलं. राहिलं.

३० ऑगस्ट
अजून 'मयत'च. दवाखान्यांचे फोन थांबले. आज काकूंनीच केला.
"आता कोण इचारत न्हाय. त्येंचं नाव काढलंस व्हय?"
"ते आपणहून बाहेर पडले," तोंडातून निघून गेलं.
मग, "जातो म्हणालं?"
"नाही. येतो म्हणाले."
"मग दाराला कडी घालत न्हाय मी."
सेशनची मुदत परत घालायची आहे. आज नाही घातली.