शवपेटीत उठून बसलो त्याबद्दल

तीर्थस्वरूप युखीममामा यांना भाचा अपानास याचा खाली मान घालून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मामींच्या मधमाश्या थंडीतून निभावल्या का? उल्यानाच्या लग्नाची गडबड चालू असेलच. त्या लग्नात वऱ्हाडाचा म्होरक्या मी, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पेल्याचा मान माझा, असा शब्द तुम्ही देऊन बसला आहात. म्हणून लोकांकडून कळण्याआधी मीच लिहितो. लाज वाटते, पण लिहितो.

आमच्या गावात शहरातून सिनेमावाले आलेत. भुताचा सिनेमा आहे. गावातलं एक प्रेत थडग्यातून उठून लोकांचं रक्त पितं आणि त्याला उठवतं कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही (मला अजूनही कळलेलं नाही). दिग्दर्शकबाईंनी मला पाहताक्षणी प्रेत म्हणून निवडलं. आमची स्तेफा म्हणाली, "बाईंना पारख आहे हो." तोंडाला पीठ फासून मला पेटीत निजवलं, हातात मेणबत्ती दिली आणि गावातल्या बायाबाप्यांना सांगितलं, आता तुमच्याकडे रडतात तसं रडा.

तिथेच घात झाला. आपल्याकडे कसं रडतात हे त्या बाईंना काय ठाऊक! मेलेल्याला नावाने हाक मारायची, गुण गायचे आणि मग त्याची माफी मागायची, तीही खरीखुरी. पेटीपुढे खोटं बोललं तर मेलेला परत येतो. (मेलेला जिवंत आहे, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.) शेजारचा मिकिता पुढे आला आणि माझं बदक आपणच खाल्लं म्हणून हुंदके देऊ लागला. मी डोळे मिटून सोसलं. मग स्तेफा आली. तिने माझे असे गुण गायले की पिठाखाली मी लाल झालो. जिवंतपणी त्यातला एक शब्द कानावर आला नव्हता. मग म्हणाली, "माफ कर रे राजा. दोन पेल्यांत तुला रडू फुटतं. चारचौघांत हसं नको म्हणून लग्न झाल्यापासून तुझ्या बाटलीत मी निम्मं पाणी घालत आले."

मी उठून बसलो. "निम्मं?"

"निम्म्याहून जास्तच," ती म्हणाली आणि माझ्या हातातली मेणबत्ती सरळ केली.

बाई खूश झाल्या, त्यांना घाबरलेले चेहरे फुकटात मिळाले. माझं काय? म्होरक्याने आपल्या घरची बाटली न्यायची आणि तिच्यातलंच प्यायचं ही आपली रीत. त्या बाटलीच्या जोरावर प्रत्येक लग्नात सगळे आडवे झाले की मी एकटा उभा असायचो, आणि मिशीला पीळ देत घरी जायचो. आता मी दिसलो की मिकिता विहिरीकडे बोट दाखवतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ना मामा, मी दोन्ही करून पाहिलं.

आपला
अपानास

ता. क. मान माझ्याकडून काढून घेऊ नका. या वेळी बाटली तुमच्या भट्टीची द्या, लाख लावून बंद केलेली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडता येईल अशी. पाण्याचा थेंब नको.

पुन्हा ता. क. काल बदकाची भरपाई म्हणून मिकिता बाटली घेऊन आला. बिनपाण्याची. दोन पेल्यांनंतर मी त्याच्या गळ्यात पडून बदकाच्या नावाने रडलो म्हणे. तेव्हा मामा, लाख लावण्याआधी स्तेफाला थोडा वेळ भट्टीपाशी एकटी सोडा. दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी मला सोसत नाही.