डावी वेणी, उजवी वेणी

खरवई, बदलापूर
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय सुनू,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. त्यात तू एकच प्रश्न विचारला होतास आणि माझ्यासारख्या बडबड्या बाईला त्याचं उत्तर सुचेना, म्हणजे बघ. हॉस्पिटलने तुला जूनपासून दोन खोल्यांचं क्वार्टर देऊ केलंय, आता वृंदाला मस्कतला नेता येईल. पण ती इथे रमली असेल तर दहावीपर्यंत ताईकडेच राहू दे का, असं तू लिहिलंस. खरं सांगते, वाचल्याबरोबर मी 'छान रमली आहे, राहू दे' असं लिहूनही टाकलं. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, आणि मग ते देवाच्या फळीवर तसंच पडून राहिलं. रोज कामावर जाताना दिसायचं, रोज घ्यायला विसरायचे.

आधी घरची खबर. माईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. समोर आणखी एक बिल्डिंग उठते आहे, त्यामुळे तुझा आवडता डोंगर आता फक्त गच्चीवरून दिसतो. तुझी लेक सातवीत गेल्यापासून मराठी-हिंदीची खिचडी बोलते. परवा मला म्हणाली, "मावशी, तू फालतू टेन्शन घेते, छोड ना." माईने विचारलं, हे कुठल्या गावचं मराठी गं? तर म्हणे, आमच्या वर्गातलं. हसते, खेळते, पोटभर जेवते. तेव्हा रमली आहे असं मी लिहिलं ते काही खोटं नव्हतं.

आता माझ्या कंपनीची गंमत ऐक. आमच्या साहेबांना यंदा शाम्पूच्या जोडीला नवं क्रीम काढायचं आहे, केसांना फुटलेले फाटे म्हणे जोडून देणारं. खरंच जोडतं का, ते बघायचं काम लॅबमध्ये माझ्याकडे आलं. त्याला खरे केस हवेत, म्हणून कॅम्प पाचच्या बाजारात गंगावनं विकणाऱ्या एका सिंधी शेठकडे गेले. "मॅडम, एकदम असली माल!" म्हणत त्याने रेशमासारख्या बटा पुढ्यात टाकल्या. एकालाही फाटा नाही! मला फाटलेलेच केस हवेत म्हटल्यावर, बाईच्या डोक्यात फरक पडलाय, असा तो माझ्याकडे बघायला लागला. शेवटी कोपऱ्यातला टाकाऊ गुंता फुकट दिला, वर चहा पाजला. त्या गुंत्याच्या बटा बांधल्या, विंचरून विंचरून टोकं आणखी फाडली, क्रीम लावलं आणि भिंगाखाली धरलं. फाटे मिटलेले! साहेब खूश. मी म्हटलं, थांबा, बट टेबलावर गप्प पडून असते, बाई डोक्यावरून न्हाते, रोज विंचरते. जिवंत माणसाच्या डोक्यावर बघू द्या.

घरी हे बोलायचा अवकाश, वृंदा मागेच लागली. माझ्यावर कर ना मावशी, प्लीज. तिचे केस दाट आहेत गं, बापासारखे, जयदेवच्या वळणाचे, पण टोकांची नुसती केरसुणी झाली आहे. वर्षभर वेणी पाठीच्या मध्यावर अडकली आहे, वर वाढतं तेवढं खाली तुटतं. बोटभर कापू या, असं मी कितीदा म्हटलं, तर वेणी मुठीत धरून पळते. सोमवारी नको, शनिवारी नको, अमावास्येला नको, असे माईचेच नियम मला ऐकवते.

शाळेच्या दोन वेण्या म्हणजे माझी आयतीच सोय. उजवीला क्रीम, डावीला काही नाही, असं ठरलं. पंधरवड्याने भिंग लावलं, तर दोन्ही वेण्यांची टोकं सारखीच मिटलेली! मी चक्रावले. मग डाव्या वेणीला नाक लावलं, तर आमच्याच क्रीमचा गुलाबाचा वास. मी पहिल्या पाळीला निघाले की माई डाव्या वेणीलाही शांतपणे क्रीम चोपडत होती. मी ओरडले तर मलाच म्हणते, "एकीला लावायचं आणि एकीला कोरडं ठेवायचं? डावी काय सवतीची आहे?" आता हे साहेबांना कुठल्या तोंडाने सांगू!

मग डबी कपाटात कुलपात, आणि सगळं पहिल्यापासून. या वेळी मीच क्रीम लावलं आणि नंतर शिकेकाईने न्हाऊही घातलं. केस वाळल्यावर बघितलं, तर उजवीचे फाटे डावीइतकेच उघडे. क्रीम फाटे नुसते चिकटवून ठेवतं, पुढच्या न्हाण्यापर्यंत. तू नर्स, तुला काय सांगायचं. जखम भरते कारण तिथे रक्त पोचतं. केसाच्या टोकाला काहीच पोचत नाही. साहेबांना मी तसं सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण डबीवर 'फाटे जोडतं' ऐवजी 'फाटे बसवतं' छापायला तयार झाले.

फाटे कापावेच लागतील असं वृंदाला सांगितलं तेव्हा तिने माझ्या हातून भिंग घेतलं. उजवी वेणी बघितली, डावी बघितली, परत उजवी. आणि सुनू, ती रडायला लागली. परीक्षेत नापास झाल्यासारखी नाही, कोणी गेल्यासारखी. माईने पदराने डोळे पुसले, मी पाठीवरून हात फिरवत राहिले, तेव्हा कुठे बोलली. तू निघालीस त्या सकाळी, रिक्षा दाराशी उभी असताना, तू तिची वेणी घालत होतीस. जयदेवला जाऊन वर्षही झालं नव्हतं, ती तुला सोडेना. वेणी जेमतेम खांद्याखाली यायची. तू म्हणालीस, ही कमरेला टेकली की मी आलेच समज. तुला आठवतही नसेल. मी तिथेच होते, मलाही आठवत नाही. रडणाऱ्या पोराला आपण काहीही सांगतो. तिने ते तीन वर्षं जपून ठेवलं. बोटभर कापलं तर आई बोटभर लांब जाणार, म्हणून कात्री नको. आणि कापत नाही म्हणून फाटे वर चढतात, केस तुटतात, वेणी खाली येतच नाही. रोज शाळेत जाण्याआधी ती आरशात पाठ वळवून बघायची. पोरीला नटायचा नाद लागला, असं मी समजत होते.

फळीवरचं ते पाकीट मी आज फाडलं. मला वृंदा हवी आहे, हे तुझ्यापासून कशाला लपवू? ती गेल्यावर सकाळी दोन वेण्या घालायला हात शिवशिवतील, आणि माईला रागवायलाही कोणी उरणार नाही. तरी तिला ने. ती इथे रमली आहे, पण वाट बघत रमली आहे. आणि नुसतं तिकीट पाठवू नकोस. हा करार संपला की, नवा सुरू व्हायच्या आत सुट्टी घेऊन स्वतः ये, वेणी कुठेही पोचलेली असो. मी तिला विचारलं, आई आली तर कापशील? तर म्हणाली, आईने कापले तर चालतील. मग माईला विचारलं, कुठला वार बरा? माईने पंचांगाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "सुनू येईल तो."

तुझीच,
कुमुताई