काळ्या काठाची साडी

मनीषनगर, नागपूर
९ जानेवारी २०२५

चि. पंकज यास,

मोठ्या बहिणीनं आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून देते. मनातून आज येत नाहीत.

फोन करू नकोस. तुझा नंबर मी बंद करून ठेवला आहे, तुझ्या बायकोचा, मिनलचाही. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच. मौदा काही सातासमुद्रापार नाही, टपाल पोचतं तिथे.

हर्षाच्या साडीचा तू ईमेलवर पाठवलेला फोटो काल यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडला. माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न सोळा फेब्रुवारीला आहे. नवरीला मामाकडून पिवळी साडी येते, ती नेसून ती बोहल्यावर चढते, आणि मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. ही रीत तुला मी शिकवायला नको. आणि तू काय विणून घेतलंस, तर अंगभर शेवाळासारखा हिरवा रंग आणि त्याला काळा काठ. काळा, पंकज. लग्नात.

बैठकीच्या दिवशी तू जे बोललास ते मी गिळलं होतं. होणाऱ्या जावयाचे, अपूर्वचे आईवडील, केशवराव आणि यमुताई, पहिल्यांदा आपल्या घरी आले होते. अंगणात खुर्च्या मांडून चहा चालला होता. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास की आपण विणलेलं यांच्या सात पिढ्यांनी नेसलं, पण पंगतीत आपल्याले कोणी बसवलं नाही, आता पोरगी काहून देऊन राहिली वं ताई. वर हेही म्हणालास की मी काही लग्नात उभा राहणार नाही. यमुताईंनी हातातला कप तसाच खाली ठेवला. तो आवाज मी अजून विसरले नाही.

तरी मला वाटलं होतं, रागाच्या भरात बोलला, साडी करतोय म्हणजे डोकं ठिकाणावर आलं. आता कळलं, साडीही त्याच रागाची आहे. यांचे चुलतभाऊ गणपतराव यांना मी मामाच्या जागी उभं राहायला विचारलं आहे आणि ते हो म्हणाले आहेत. तुझी साडी तुझ्याकडेच ठेव.

हर्षाला पुण्यात यातलं काही कळवलेलं नाही. तूही कळवू नकोस, एवढा लोभ तरी असू दे.

तुझी,
पुष्पलता

*

मौदा
१३ जानेवारी २०२५

ती. ताईस,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग गृहीत धर, पाठ दुखते आहे आणि डोकं त्याहून जास्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मिनलनं एकदा वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. कोणता हिरवा आणि कोणता काळा, मला काही समजलं नाही. साडी पिवळी आहे आणि काठ लाल आहे. उमरेडला धोंडबाच्या मागावर मी स्वतः चार वेळा जाऊन बसलो. हात थकले म्हणून तो आता कोणाचं काम घेत नाही. मी म्हटलं, ताईच्या हर्षाची आहे गा, तेव्हा कुठे माग झटकला. काठावरची कुयरी कुठली आहे, तेही तू पाहिलं नसशील. ईश्वरदास भाऊजींनी त्याच कॉम्प्युटरवर काढलेली आहे ती. ते गेले त्याआधी त्यांनी मला पाठवली होती, मी जपून ठेवली होती.

आणि तू म्हणतेस काळा काठ. मी इतका नीच आहे का? भाचीच्या लग्नात काळं पाठवणारा मामा तू मला समजतेस, तर आणखी काय बोलायचं उरलं. गणपतरावांना स्वेटर घालूनच उभं कर, त्यांना थंडी फार वाजते.

साडी उमरेडला परत पाठवली आहे. धोंडबाला सांगितलं, ज्याले पाहिजे त्याले दे. तुझा प्रश्न मिटला.

अपूर्वबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं आणि नाही. मुलगा चांगला आहे. पण ते लिहून उपयोग नाही, तू वाचणार काळंच.

लोभ होता तेवढा पुरे झाला असावा.

तुझा,
पंकज

*

मनीषनगर, नागपूर
१७ जानेवारी २०२५

चि. पंकज यास,

संक्रांत होऊन गेली. तिळगूळ पाठवला नाही. काळं संक्रांतीला नेसतात, लग्नाला नाही, एवढं तुला सांगायला सण बरा आला.

तू लिहितोस साडी पिवळी आहे. म्हणजे मी आंधळी. अरे, मी बापूजींची मुलगी आहे. ते रंगाच्या हंड्यातून सुताची लड वर काढायचे आणि तू खेळत असायचास, पण ती लड हातात धरून मीच सांगायची की अजून एक बुचकळा पाहिजे. आपल्या आळीत लोक मला बोलवायचे रंग जुळवायला. मला आता म्हातारपणी तू लाल आणि काळा शिकवणार.

माझ्या एकटीच्या डोळ्यांवर तुझा विश्वास नाही म्हणून शेजारच्या जिजाबाईंना बोलावून फोटो दाखवला. त्या म्हणाल्या की बाई, हे तर काळंच आहे, कोणी केलं हो असं. मी मान खाली घातली. तुझ्यामुळे शेजारणीसमोर मान खाली घालायची वेळ आली.

आणि कॉम्प्युटरला काही झालेलं नाही, ते निमित्त काढू नकोस. दिवाळीनंतर लग्नासाठी घर रंगवून घेतलं, तेव्हा रंगाऱ्यांनी तो हलवला होता. मी परत जागेवर ठेवून सगळ्या वायरी स्वतः जोडल्या, एक बसत नव्हती तीही जोर लावून बसवली. सुरू झाला. समोर ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश जसं होतं तसंच आहे. पांढरं तेवढं धोतराला नीळ जास्त झाल्यासारखं दिसतं, पण यंत्राचंही वय झालं, माझे केस कुठे काळे राहिले. दुपारी त्याच्यावर पत्त्यांचा डाव मांडते तो मात्र तेव्हापासून एकदाही सुटत नाही. कोणतं पान कोणावर ठेवायचं तेच समजत नाही, सगळी पानं मेली सारखीच. हे दिवसच तसे आले आहेत.

धोंडबाला साडी परत दिलीस हे वाचून रात्रभर रडले, हेही लिहून ठेवते. यांची कुयरी कोणाच्या तरी अंगावर जाणार. तुला ती काळ्या काठावरच काढावीशी वाटली.

यापुढे पत्राचं उत्तर नाही आलं तरी चालेल.

तुझी,
पुष्पलता

*

मौदा
२० जानेवारी २०२५

ती. पुष्पलताताईंना,

मिनलचा नमस्कार. तुमच्या भावाला न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तर त्यांनी शाई लपवली असती.

साडी उमरेडला गेलेली नाही. ती आमच्या कपाटात, माझ्या शालूच्या खाली आहे. त्यांनी तुम्हाला खोटं लिहिलं. तुम्हाला लागावं म्हणून लिहिलं, आणि तुम्हाला लागलं हे वाचून जेवले नाहीत. बहीणभावाचं हे काय चाललं आहे ते मला समजत नाही. तुम्ही दोघं एकमेकांना मारता आणि आवाज मला ऐकावा लागतो. मलाही राग येतो, ताई, फक्त मला कोणी पत्र लिहीत नाही.

फोटो मी काढला होता, आमच्या गॅलरीत, सकाळच्या उन्हात. साडी हळदीसारखी पिवळी आहे आणि काठ कुंकवासारखा लाल. माझ्या फोनमध्ये आत्ता समोर ठेवून लिहिते आहे. तुम्ही खोटं बोलणार नाही आणि मीही बोलत नाही. मग मधे जे काही आहे ते खोटं बोलत असेल. पत्त्यांबद्दलचं तुमचं वाक्य मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आहे. ते उठून पेन शोधू लागले.

हर्षाच्या हळदीला लागणारी परडी मी करून ठेवली आहे. बोलावणार असाल तर.

तुमची,
मिनल

*

मौदा
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार. राग आहे तसाच आहे. पण आधी हे कर.

मी दिवसभर स्क्रीनसमोरच नोकरी करतो, तरी मला आधी सुचलं नाही, याचा वेगळा राग आहे. पत्त्यात बदाम आणि इस्पिक तुला सारखे दिसतात, कारण तुझ्या स्क्रीनवर लाल रंग पोचतच नाही. स्क्रीनकडे तीन रंग वेगवेगळ्या वाटेनं जातात, लाल, हिरवा आणि निळा. लाल अडला की लाल वस्तू काळी दिसते. आणि तिथे पिवळा होतो लाल आणि हिरवा मिळून, म्हणून लाल गेला की पिवळं ते हिरवं. टेकडीत आणि आकाशात लाल फारसा नव्हताच, म्हणून तुला काही बदललेलं वाटलं नाही. पांढऱ्यातला लाल गेला, म्हणून नीळ.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कॉम्प्युटरवर भाऊजींनी आईबापूजींचा एक रंगीत फोटो ठेवला आहे, माझ्या लग्नातला. तो उघड आणि आईच्या कपाळाकडे पाहा.

मग सगळं बंद कर, भिंतीतलं बटणही. स्क्रीनच्या मागे निळ्या टोपीची जाड वायर आहे, दोन बाजूंना दोन स्क्रू आहेत. ते सोडव आणि वायर सरळ ओढ. आत बारीक टाचण्यांच्या ओळी दिसतील. भिंग घेऊन बघ, त्यातली एक वाकलेली असेल. तू जोर लावलास ती हीच. हलक्या हातानं सरळ कर, मोडली तर बर्डीच्या बाजारात नवी वायर मिळते, स्क्रीन फेकायची गरज नाही. आणि परत लावताना आधी टोपीचा आकार जुळव. तिला वरखाली आहे.

आता दुसरं. मिनलनं तुला सांगितलं असेल की साडी इथेच आहे. आपल्या घरात माफी मागायची पद्धत नाही, ताई. बापूजी आईवर ओरडले की मागावर बसायचे आणि तिला पातळ विणायचे. मला विणता येत नाही, मी धोंडबाकडे गेलो. ती साडी म्हणजे बैठकीतल्या बोलण्याची माफी होती. आणि तू तिला काळी म्हणालीस, म्हणून मी इतका पेटलो.

कळव.

तुझा,
पंकज

*

मनीषनगर, नागपूर
२५ जानेवारी २०२५

चि. पंकज यास,

आशीर्वाद. हे खरे आहेत.

लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो हे तू बापूजींना सांगितलं असतंस तर त्यांनी तुला हंड्यात बुचकळून काढलं असतं. मी पत्र टेबलावर आपटलं. तुला खोटं पाडायचं म्हणूनच तो फोटो उघडला.

आईचं कुंकू काळं होतं, पंकज. रुपयाएवढं कुंकू, आणि तिथे काजळाचा ठिपका लावल्यासारखं. दिवाळीपासून तो फोटो माझ्यासमोर होता आणि मी कधी उघडून पाहिला नाही. मला पत्ते खेळायचे होते. मी तिथेच बसून राहिले, मग तुझ्यावरचा राग स्वतःवर आला आणि मग परत तुझ्यावर गेला, कारण कोणावर तरी जायला पाहिजे होता.

वायर सोडवली. एक टाचणी आडवी झोपली होती. यांच्या डब्यात मागाच्या फणीत सूत ओवायची बारीक आकडी अजून आहे, तिनं उभी केली. मोडली नाही. वायर लावली, या वेळी टोपी बघून. आईचं कुंकू लाल झालं. तुझी साडी पिवळी आहे. यांची कुयरी काठावर स्वच्छ दिसते, देठाशी थोडी वाकडी आहे, ते मुद्दाम तशीच काढायचे. जिजाबाईंना परत बोलावून दाखवलं. त्यांची आता पंचाईत झाली आहे, कारण तुझी बदनामी त्यांनी दोन घरी करून ठेवली होती. ती त्यांनीच निस्तरावी असं मी सांगितलं आहे. गणपतरावांकडे मी स्वतः गेले. ते म्हणाले बरं झालं, त्यांचे गुडघे दुखतात. स्वेटरचं मी सांगितलं नाही.

बापूजी आम्हाला शिकवायचे की रंग घरात बघायचा नाही, लड बाहेर नेऊन उन्हात धरायची, मगच बोलायचं. मी त्यांची मुलगी म्हणून मिरवते, आणि भावाच्या साडीचा रंग खोलीत बसून एका डबड्याच्या काचेवर ठरवला. ही चूक माझी. ती मी कबूल करते, आणि तुला व मिनलला बोललेलं परत घेते. मिनलला सांग, हळदीची परडी तिनंच आणायची आहे, आणि तिला वेगळं पत्र लिहीन.

पण आता माझं ऐक. आई ते पातळ घ्यायची, हे तुला आठवतं. ती घडी मोडायच्या आधी बापूजींना समोर उभं करून काय बोलले होते ते तोंडानं परत बोलायला लावायची, आणि मग चुकलं म्हणायला लावायची, हे तू विसरलास. तू लहान होतास, बाहेर खेळत असायचास. पातळ आईनं कधी फुकटात नेसलं नाही.

साडीचा रंग मी चुकीचा पाहिला. तुझं ते बोलणं मात्र मी अंगणात, भर दुपारी, उन्हात पाहिलं आहे. ते काळंच होतं. त्यात कुठली वायर नव्हती.

साडी टपालानं पाठवू नकोस. रविवारी, दोन फेब्रुवारीला दुपारी केशवराव आणि यमुताई जेवायला येत आहेत, आपल्यासोबत एकाच पंगतीत बसणार आहेत, मी वाढणार आहे. साडी घेऊन तू ये. अंगणात उभा राहून ती उलगड, आणि यमुताईंपुढे चुकलं ते तुझ्या तोंडानं म्हण. मग सोळाला नवरीच्या पाठीशी उभा राहा.

थंडीचे दिवस आहेत, अंगणात ऊन चारपर्यंतच असतं. उशीर करू नकोस.

तुझी,
ताई