पडद्यामागचं पद

॥ श्रीराम ॥

तंजावूर,
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
मुरलीचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर मी दोन ओळी लिहितो, त्याने तुझं भागत नाही, आणि फोनवर बोलून तुला ऐकू येत नाही. म्हणून हे कागदावर. शाळेच्या ऑफिसातून आलो, दिवा लावला आणि लिहायला बसलो.

आपल्या ‘पैलघाट’चा सिनेमा अखेर लागला. गेली एक्केचाळीस वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी राजवाड्यामागच्या सभागृहात जे नाटक होतं, त्याला आता इथल्या थिएटरात दिवसाला चार खेळ आहेत. आमच्या चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडलेत. पडद्याची दोरी ओढणारा मणी म्हणतो की तो मेला तरी सिनेमा पाहणार नाही, आणि हे सांगताना सिनेमातलंच गाणं गुणगुणत असतो. मी त्याला ते दाखवून दिलं तर रागाने चहा अर्धा टाकून गेला.

मला विचारशील तर सिनेमात पाणी फार आहे. नाटकात पितळी घागरीतून परातीत धार सोडतात, तेवढ्यात कावेरी दिसते. सिनेमात खरोखरची नदी आहे आणि ती खोटी वाटते. आणि राणी! आपल्या नाटकात ती बुडाल्यावर पुन्हा दिसत नाही. राजा घाटावर दिवा ठेवतो आणि पडद्यामागून फक्त तिचं पद येतं, सगळ्या तमिळ नाटकात तेवढं एकच मराठी. सिनेमात ती नथ घालून पाण्यातून वर येते, केस मात्र कोरडे.

पण अक्का, ते पद सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज आपल्या राजमचा आहे. नाटकमंडळी चालवणारे कल्याणराममामा गेल्यावर त्यांच्या पेटीत एक कॅसेट सापडली, ती सिनेमावाल्यांनी घेतली. तुला आठवत असेल, राजम गेली त्या वर्षी रामनवमीच्या प्रयोगाला मामांनी तिची टेप पडद्यामागे लावली होती आणि सगळं सभागृह रडलं, असं लोक सांगत होते. तीच ही. अठ्ठावीस वर्षांनी आपली बहीण थिएटरच्या चारी भिंतींतून गात होती आणि मी खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो.

शेजारणींनी अम्माला हे सांगितलंय. दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नाही. ब्याऐंशी वर्षांचं वय, हृदय नाजूक. तिला नेऊ का? तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.

आमची नंदिता आता कॉलेजात रमली आहे, तुला नमस्कार सांगते. आमच्यावर तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मुरली

*

बेंगळुरू,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. मुरलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू नाटकाचा मोठा जाणकार झालास हे वाचून हसू आलं. पहिल्या प्रयोगाला तू नऊ वर्षांचा होतास आणि राणी बुडायच्या आधीच माझ्या मांडीवर झोपला होतास. उठल्यावर रडून विचारलंस की नाव कुठे गेली. टपरीवर हेही सांगत जा.

साईराम मला मागच्या आठवड्यात सिनेमाला घेऊन गेला. मुलगा हौशी आहे, आईला ऐकू येत नाही हे थिएटरच्या दारात त्याच्या लक्षात आलं. मी खालच्या इंग्रजी ओळी वाचत बसले. ऐकू न येणाऱ्याला नाच कसा दिसतो माहीत आहे? चाळीस माणसांच्या अंगात एकदम मुंग्या शिरल्यासारखा. कोरड्या केसांचं मात्र तुझं बरोबर आहे.

मग दिवा आला, आणि पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसू लागल्या. त्यावरून मला कळलं की पद चालू आहे.

अम्माला नेऊ नकोस. डॉक्टरांचं नाव सांग, गर्दीचं सांग, काहीही सांग. कारण मला विचारू नकोस.

तिच्या गुडघ्यांना ते तेल लावतोस ना? नंदिताला आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझी,
महालक्ष्मी अक्का

*

॥ श्रीराम ॥

तंजावूर,
१ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
मुरलीचा शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. अम्माला म्हटलं की गर्दी फार आहे. ती म्हणाली की ब्याऐंशी वर्षं ती गर्दीतच राहिली. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली की त्या डॉक्टरला तिने चड्डीत फिरताना पाहिलंय. काल तिने ट्रंकेतून जांभळं रेशमी लुगडं काढून गच्चीवर उन्हात टाकलं. आज सकाळी मला समोर बसवून विचारलं की ती मरायची वाट पाहतोय का मी. राजमचा आवाज गावातल्या परक्या लोकांनी ऐकायचा आणि जन्म देणारीने घरात बसून मटार सोलायचे, हा कुठला न्याय?

तुला माहीत आहे, राजम गेल्यापासून या घरात रेडिओसुद्धा लागला नाही. देवाने घरातला गळा नेला, असं अम्मा तेव्हा म्हणाली, आणि नंतर तिने भजनालाही तोंड उघडलं नाही. आता तीच स्वतःहून ऐकायला निघाली आहे. तिला अडवताना मला पाप केल्यासारखं वाटतं.

अक्का, मी कधी तुला उलट विचारलं नाही. या वेळी कारण सांग.

तुझा,
मुरली

*

बेंगळुरू,
१० मार्च २०२५

चि. मुरलीस,
आशीर्वाद.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

तो आवाज राजमचा नाही. राजमचं गाणं टेपवर कधी घेतलंच नव्हतं, तिला ते आवडत नसे. मशीन दिसलं की ती गप्प बसायची. मामांनी लोकांना टेप म्हणून सांगितलं. पडद्यामागे त्या दिवशी मी होते.

राजम पाडव्याला गेली. रामनवमीला नववा दिवस. तू आणि अप्पा विधीसाठी तिरुवैयारूला नदीवर गेला होतात. अम्मा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुपारी मामा आले. सुतकाचं घर म्हणून आत आले नाहीत, बाहेरच उभे राहिले. म्हणाले की रामनवमीचा प्रयोग देवापुढे बोललेला आहे, चुकवता येत नाही, आणि राणीला आवाज नाही. त्यांनी मला गा म्हटलं नाही, मुरली. ते नुसते उभे राहिले. मीच चप्पल घातली.

सहा वर्षं मी राजमच्या शेजारी बसून तंबोरा धरला. आम्ही दोघी एकाच गुरूकडे शिकलो, पण पडद्यामागे जागा एकीची होती आणि ती तिची होती. मला पद पाठ होतं, तिच्या श्वासासकट. बहिणीचं सुतक अंगावर असताना मी देवाच्या प्रयोगात गायले. तरी खरं पाप ते नाही. गाताना मला आनंद झाला. बहीण जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मला वाटलं, आज माझी पाळी.

मामांनी त्या दिवशी कॅसेट भरून घेतल्याचं मला आता कळतंय.

लग्नानंतर चौथ्या वर्षी डावा कान गेला, मग उजवा. डॉक्टर म्हणतात, नस सुकली. मी त्यांच्यापुढे मान हलवते. मला माहीत आहे ते कशाचं आहे.

आता तू सांग, अम्मा लुगडं नेसून जाईल, राजम म्हणून हात जोडील, आणि ते हात माझ्या चोरीपुढे जोडले जातील. हे मी कसं सोसू? आणि खरं सांगितलंस तर राजम तिच्याकडून दुसऱ्यांदा जाईल. तिचा आवाज जगात कुठेच उरलेला नाही हे त्या म्हातारीला कोण सांगणार?

मला सुचत नाही. तू रोज पोथी वाचतोस. तू ठरवशील ते मी मान्य करीन.

तुझी,
अक्का

*

॥ श्रीराम ॥

तंजावूर,
२४ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
मुरलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस पोथीत ठेवलं होतं. मारुतीच्या देवळात जाऊन बसलो, पण देव अशा वेळी आपल्यावरच सोपवतो. शेवटी ठरवलं की अम्माला न्यायचं आणि काही बोलायचं नाही. ते माझं ठरवणं टिकलं नाही, ते सांगतो.

काल सकाळी अकराच्या खेळाला गेलो. अम्मा रिक्षात ताठ बसली होती. सिनेमा सुरू झाल्यावर तिने दोनदा मला विचारलं की हा राजा क्षणभर खाली का बसत नाही. नाच लागले की डोळे मिटून जप करायची. मग घाट आला, दिवा आला, पद सुरू झालं.

पहिली ओळ संपायच्या आत अम्मा मोठ्याने म्हणाली की ही तर महालक्ष्मी आहे. पुढचे लोक वळून पाहू लागले. मी तिला गप्प राहा म्हटलं तर म्हणाली की पोटच्या पोरीचा आवाज ओळखायला तिला माझी परवानगी नको. पुढचं ती न हलता ऐकत राहिली. शेवटची ओळ आली, ‘दिवा मालवू नको, वाट ओली आहे’, आणि तिच्या हातातली माळ खाली पडली. मी वाकून शोधली. वर पाहिलं तर ती रडत नव्हती. कुणी दारात येऊन उभं राहिल्यावर माणूस जसं पाहतं, तसं पाहत होती.

बाहेर पायरीवर बसून तिने मला विचारलं की या दोघी एकत्र कधी गायल्या आणि तिला का बोलावलं नाही. मला कळेना. तेव्हा म्हणाली की सगळं पद महालक्ष्मीचं, वळणावर रेंगाळते ती तिची सवयच आहे, पण शेवटची ओळ राजमची. ती एकटी गाते आहे. त्यात महालक्ष्मी नाही.

अक्का, मग मी सगळं सांगितलं. पाडवा, रामनवमी, मामा, तुझा आनंद, तुझे कान. एकही गोष्ट गाळली नाही. मला क्षमा कर.

अम्मा आधी रागावली. म्हणाली की तिला त्या दिवशी घोटभर पाणी कुणी विचारलं नाही आणि ही मुलगी मागच्या दाराने गायला गेली. मी म्हटलं, तिला सुतकाचं फार लागलंय. तर म्हणाली की सुतक आपल्याला होतं, राजमला कसलं सुतक? तिने गावं. घरी येऊन तिने भाताचा घास घेतला आणि मला बजावलं की कान जाणं हे घराण्यातलं दुखणं आहे, तिच्या आईलाही ते होतं, देवाला दुसरी कामं आहेत असं तुला कळवायचं.

आज मी एकटा पुन्हा जाऊन आलो. शेवटच्या ओळीत श्वास निराळा वाटला. पण अम्माने सांगितल्यावर मी तेच ऐकायला गेलो होतो, त्यामुळे माझ्या कानांवर विसंबू नकोस. कॅसेटला आम्ही काही जोडलं नाही, असं सिनेमावाल्यांनी नाटक मंडळीला लिहून दिलंय, ते मी स्वतः वाचलं.

त्या दिवशी पडद्यामागे तुझ्याबरोबर आणखी कुणी होतं का? एवढंच कळव. रागावली असलीस तर तेही कळव.

तुझा,
मुरली

*

बेंगळुरू,
१ एप्रिल २०२५

चि. मुरलीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. तुझं पत्र हातात धरून दुपारभर गॅलरीत बसले होते. सुनेने जेवायची खूण केली, ती मला दिसलीच नाही.

पडद्यामागे मी एकटी होते. तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला होता, तो धरायलाही कुणी नव्हतं.

आणि हे मी मागच्या पत्रातही लिहिलं नाही, कारण त्याचीही लाज होती. शेवटची ओळ मी गायलेच नाही. त्या ओळीपाशी राजम थोडं थांबून श्वास घ्यायची. मीही थांबले, आणि माझा श्वास परत आला नाही. पदर तोंडात कोंबून खाली बसले. पद अर्धवट सोडून, मागच्या बोळाने, तुम्ही नदीवरून यायच्या आत घरी पोचले. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा बाहेर येऊन उभे राहिले, हात जोडून म्हणाले की शेवटची ओळ अशी त्यांनी आजवर ऐकली नव्हती. मला वाटलं, चांगला माणूस आहे, माझी फजिती झाकतोय. अठ्ठावीस वर्षं मी तेच समजत होते.

मी काही अर्थ लावत नाही. तुला लावायचा असेल तर मारुतीपुढे लाव, मला सांगू नकोस. एवढंच कळतं की मी बळकावून सोडलेली जागा रिकामी राहिली नव्हती.

साईराम शुक्रवारी मला तंजावूरला आणून सोडतोय. अम्माला सांग, आधी मला काय बोलायचं ते बोलून घे, ओठांवरून मला सगळं कळतं. मग तिघं जाऊ. तोवर थिएटरात खेळ आहे ना, ते पाहून ठेव.

सगळ्यांना आशीर्वाद. दार उघडं ठेवा, मी येतेच आहे.

तुझी,
अक्का

ता. क. मला अम्माच्या शेजारी बसव. ती ओळ सुरू झाली की तिने माझा हात दाबून धरावा आणि संपली की सोडावा.