बॅटरीपुढची उदबत्ती

खंडेनवमी, संध्याकाळ

पर्यटकांना राहायला देतो त्या आमच्या व्हॅनची मागची बॅटरी, पंखा-फ्रिज चालवणारी, चार दिवस झाले दगा देतेय. ह्यांनी मीटर लावून बघितलं. पंखा लावला की व्होल्टचा आकडा बारावरून दहावर. "एक सेल मेलाय," म्हणाले, आणि तरी चार्जरला लावून चौलला गेले. व्हॅनची दारं बंद.

मी कोयता-पहारीची पूजा केली, तशी बॅटरीचीही. व्हॅनमध्ये शिरले तर आत कुजक्या अंड्याचा वास. मला वाटलं खाडीचा, म्हणून मुद्दाम काडी ओढून उदबत्ती लावली. गाढव बाई! शेजारी माझी लेक सुनंदा हार ओवत बसलेली.

हे आले ते ओरडतच. "बाहेर व्हा दोघी! अगं, बॅटरीचा गॅस हाय तो! भडकला असता तर ॲसिड तोंडावर आलं असतं!" उदबत्ती उचलून वाळूत खुपसली, मग घराकडच्या बोर्डावरचं चार्जरचं बटन बंद केलं.

कुजक्या अंड्याचा वास. कसं कळलं न्हाय मला? काडी मीच ओढली ना.

सुनंदा हसते. "आये, काय झालं न्हाय ना? जेव आता."

पुढल्या महिन्यात लगीन हाय तिचं. मला तिच्या तोंडाकडं बघवत न्हाय.