बर्फातल्या बाईच्या तोंडी तुझी हाळी

प्रिय गुणाबाई,

सप्रेम जयभीम. सूनबाई दिव्या आणि बाळ बरे असतील. तुझा गुडघा घुग्घुसच्या धुळीत कसा आहे? (धुळीचा आणि गुडघ्याचा संबंध मला कळत नाही, तो मागच्या वेळी तू जोडला होतास.) इकडे तुझी भावजय स्वाती, मी आणि दोन्ही बैल ठीक आहोत. शेजारच्या ठमाबाईबद्दल काही लिहायचे नाही असे तू बजावले आहेस (मोहाच्या झाडावरून तुमचे बोलणे बंद), म्हणून लिहीत नाही. मी मात्र अजून पुरता सावरलेलो नाही. फोनवर तू हसशील, म्हणून पत्र.

तुझ्या निकेशने संगणकावरचा खेळ तयार केला आहे. कामावरून आल्यावर तो खोली बंद करून काय करतो असे तू विचारायचीस, ते हे. खेळात व्हायकिंग आहेत, म्हणजे फार पूर्वीचे, बर्फाळ मुलखातले, नावेतून येऊन लुटालूट करणारे लोक. आपण कुऱ्हाड घ्यायची आणि दिसेल त्याला तोडत जायचे. कथानक मी शोधले, सापडले नाही. 'मामा, यातली मराठी वाक्ये तपासून द्या,' म्हणून त्याने तो मला पाठवला. वाक्ये ठीक होती. बाकी काहीच ठीक नव्हते. मेलेला माणूस उभाच राहतो. नाव जमिनीवरून चालते. सरदाराने मान वळवली की दाढी मागेच राहते. (हे शुद्धलेखनात बसत नाही, म्हणून सोडून दिले.)

आवाज नीट ऐकू येईना. तेव्हा भीमजयंतीच्या मिरवणुकीचा मोठा साउंडबॉक्स, जो विहारात जागा नाही म्हणून आपल्या पडवीत असतो, तो मी जोडला. दिवस मावळत होता. पिवळ्या वेण्यांची एक बाई कुऱ्हाड उगारून खडकावर चढली आणि तिने तोंड उघडले. बाई, तुझा आवाज! आपले घर रानाच्या कडेला. वाघ दिसला की तू जी हाळी देतेस आणि सारे गाव काठ्या-डबे घेऊन धावते, तीच. निकेशने ती कधी भरून घेतली, तुला विचारले की नाही, कोण जाणे. मी खुर्चीवरून उठलोच. तेवढ्यात ती बाई खडकात रुतली (हाही खेळाचाच दोष) आणि थांबेचना. हाळीवर हाळी.

सारे गाव आले. पुढे लच्छूभाऊ. तू घुग्घुसला आहेस हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे आणखीच घाबरले. गुणाबाई परत येत होती आणि वाटेत वाघाने धरली, असे म्हणून बायका रडू लागल्या. मी दारात उभा राहून 'खेळ आहे, खेळ' म्हणत होतो. साउंडबॉक्सपुढे माझे कोण ऐकणार. शेवटी स्वातीने वायर उपटली. मग सगळे आत येऊन पडद्याकडे पाहत राहिले.

"हे गुणाबाई नाई," लच्छूभाऊ म्हणाले.

"आवाज त तिचाच हाये," सुकरी म्हणाली. "केस काऊन पिवळे केले तिनं?"

"लेकाकडे गेली अन् बिघडली," मागून कोणीतरी.

हसणे तिथेच संपले. दुसऱ्या दिवशी गाव बसले आणि ठरले की तू स्वतः परत येईपर्यंत आपल्या घरच्या हाळीवर कोणी यायचे नाही. मी म्हटले, खराच वाघ आला तर? लच्छूभाऊ म्हणाले, "मास्तर, मंग तुमीच तोडा त्याले कुऱ्हाडीनं. सराव हाये तुमाले."

आणि तो आला. परवा, दिवेलागणीला, गोठ्यासमोर. आत स्वाती बैल बांधत होती. मी पडवीतून ओरडलो. (माझा आवाज वर्गातही मागच्या बाकापर्यंत जात नाही.) कोणी आले नाही. वाघ खाली बसला. दुसरे काही सुचेना, म्हणून मी साउंडबॉक्स जोडला आणि खेळ लावला. निकेशचा खेळ उघडायला वेळ लागतो. तोवर वाघ माझ्याकडे पाहत होता, मी पडद्याकडे. मग पिवळ्या वेण्यांची बाई खडकावर चढली, रुतली, आणि तू ओरडलीस. वाघ उठला आणि रानात गेला. त्याला गावाचा ठराव माहीत नव्हता.

स्वाती सुखरूप आहे. ती माझ्याशी बोलत नाही, पण सुखरूप आहे. तू बाळंतपण नीट उरकून ये. इकडची काळजी करू नकोस, घाई तर मुळीच नको.

तुझा भाऊ,
सुनिल

ता. क. घाई कर. अंगणात उभी राहून सगळ्यांच्या देखत एक हाळी दे, म्हणजे गाव पुन्हा येऊ लागेल. वाघ नकलेला फसतो. गाव आता फसत नाही.

ता. क. निकेशला सांग, नाव, दाढी, मेलेली माणसे, सगळे दुरुस्त कर. ती बाई मात्र खडकात रुतलेलीच राहू दे.

ता. क. वर 'कोणी आले नाही' असे लिहिले, ते सांगितल्यावरून लिहिले. ठमाबाई आली. मी ओरडलो तेव्हा नाही. तुझा आवाज वाजला तेव्हा. एकटी, हातात विळा, धापा टाकत. मी म्हटले, हा खेळ आहे हे तुम्हाला ठाऊक होते ना? म्हणाली, "ठाऊक होतं. पन एखाद बार खरीच असली त?" हे तुला कळवायचे नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे.